सापडलेल्या धनाचा धनी कोण?

कष्टाने मिळविलेले, वाडवडिलांकडून आलेले आणि कोणी प्रेमाने दिलेले, या तीन प्रकारच्या धनाविषयी आपल्या समाजात सहसा संशय उत्पन्न होत नाही. वाद होतो तो चौथ्या प्रकाराविषयी. जुन्या वाड्याची भिंत उतरविताना कोनाड्यामागून डबा निघतो. गोदामाचा पाया खोदताना कुदळ हंड्यावर आपटते. दुकान बंद करतेवेळी गादीजवळ कोणा गिऱ्हाइकाची थैली आढळते. अशा वेळी ज्याच्या हाती वस्तू लागली तो म्हणतो, "मला सापडली." ज्याची जागा तो म्हणतो, "माझ्या जागेत सापडली." आणि जो तेथे हजर नाही, कदाचित या जगातही नाही, त्या मूळ धन्याचा हक्क मात्र कोणीच बोलून दाखवीत नाही.

या तिघांपैकी खरा धनी कोण, याचा विचार आपल्या धर्मग्रंथांनी केला आहे, स्मृतिकारांनी केला आहे आणि आजच्या कायद्यानेही केला आहे. व्यापाऱ्याला जागा घ्याव्या लागतात, विकाव्या लागतात, बांधकामे करावी लागतात आणि दुकानात रोज शेकडो लोकांची ये-जा असते. म्हणून हा विषय वकिलांवर सोपवून आपण मोकळे होणे बरे नव्हे. त्याची मूळ तत्त्वे सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या ध्यानी असावीत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

गुंगेरियाचा ठेवा

दूरची उदाहरणे शोधण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीत पुरलेला धातूचा साठा सापडला. त्यात तांब्याची ४२४ हत्यारे व अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसत्या तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले. जिल्ह्याचे त्या वेळचे अधिकारी कॅप्टन ब्लूमफील्ड यांनी या शोधाची माहिती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीस कळविली. हिंदुस्थानात आजवर सापडलेल्या ताम्रसाठ्यांमध्ये गुंगेरियाच्या साठ्याची गणना सर्वांत मोठ्यांत होते. विद्वान या प्रकारचे साठे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. आज त्यातील वस्तू निरनिराळ्या संग्रहालयांत विभागल्या गेल्या असून काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

इतिहासकारांच्या दृष्टीने हा ठेवा अमूल्य आहे. परंतु आपल्यापुढील प्रश्न वेगळा आहे. तो ठेवा कोणाचा? ज्या गुराख्यांच्या नजरेस पडला त्यांचा, ज्याच्या जमिनीत होता त्याचा, की सरकारचा? हा शोध लागला तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा एकच निधी-कायदा अस्तित्वात नव्हता. तो आठ वर्षांनी, १८७८ साली झाला. त्या कायद्याच्या तराजूत गुंगेरियाचा ठेवा घातला तर पारडे कोणाकडे झुकते, हे आपण पुढे पाहूच. त्याआधी आपली परंपरा काय सांगते ते पाहणे योग्य होईल.

आचार्यांचे तीन शब्द

अचौर्याणुव्रताचे विवेचन करताना आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात परक्याच्या धनाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: निहित, पतित आणि सुविस्मृत. निहित म्हणजे कोणी ठेवलेले, पुरलेले. पतित म्हणजे पडलेले. सुविस्मृत म्हणजे धन्याच्या स्मरणातून पूर्णपणे गेलेले. या तिन्ही अवस्थांतील धन धन्याने दिल्याखेरीज स्वतः घेऊ नये व दुसऱ्यासही देऊ नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. धनी विसरला म्हणून त्याची मालकी संपली, असे आचार्य मानीत नाहीत. धन्याचे स्मरण गेले तरी त्याचे स्वामित्व जात नाही.

"परंतु ज्याला धनीच उरला नाही, ते घेण्यास काय हरकत?" असा प्रश्न साहजिक आहे. तेराव्या शतकात माळव्यात, म्हणजे आजच्या आपल्याच राज्यात, होऊन गेलेल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जमिनीतील निधान अस्वामिक आहे असे म्हणून श्रावकाने घेऊ नये. कारण ज्या धनाला कोणी धनी नाही त्याचा वारस राजा असतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे बेवारस धनाचा निर्णय ज्याला ते सापडले त्याने स्वतः करावयाचा नसून तो राजसत्तेपुढे ठेवावयाचा, हे तत्त्व आपल्या श्रावकाचारात सुमारे आठशे वर्षांपासून आहे.

स्मृतिकार व अर्थशास्त्रकारही याच वाटेने गेले आहेत. मनुस्मृतीत हरवलेली वस्तू राजाने तीन वर्षे सांभाळून धन्याची वाट पाहावी, असे सांगितले आहे. निधी आपला आहे असे सत्य सांगून सिद्ध करणाऱ्यास तो मिळे, मात्र राजा त्यातून सहावा किंवा बारावा भाग घेई. आणि खोटा हक्क सांगणाऱ्यास दंड होई. कौटिल्याने खाण, रत्न किंवा निधी यांची वर्दी देणाऱ्यास सहावा भाग सांगितला आहे; वर्दी देणारा चाकर असेल तर बारावा. मोठा निधी, म्हणजे एक लक्षाहून अधिक, राजाकडे जाई. वर्दी न देता निधी लपविणाऱ्यास मात्र सर्वत्र दंडच सांगितलेला आढळतो. या साऱ्या नियमांत आकडे निरनिराळे असले तरी सूत्र एकच आहे: जो प्रकट करील त्याचा हक्क, जो लपवील त्याचा अपराध.

आजच्या कायद्याची रचनाही आचार्यांच्या तीन शब्दांप्रमाणेच तीन भागांत पडते. म्हणून त्याच क्रमाने पाहू. ज्याच्या हाती वस्तू प्रथम लागते त्याला सोयीसाठी या लेखात 'शोधक' म्हणू.

पतित: पडलेली वस्तू

रस्त्यात, बाजारात किंवा रेल्वेच्या डब्यात पडलेली वस्तू उचलणे हा गुन्हा नव्हे. ती कोणत्या हेतूने उचलली, यावर सारे अवलंबून असते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ७१ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती आपल्या ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखी होते. आपल्या पेढीवर कोणी दागिना विश्वासाने ठेवला तर आपण त्याची जी काळजी घेऊ, तीच काळजी सापडलेल्या दागिन्याची घेतली पाहिजे.

याच्या बदल्यात कायद्याने शोधकास काही संरक्षणही दिले आहे. वस्तू सांभाळण्यासाठी व धन्याचा तपास करण्यासाठी झालेला खर्च व श्रम यांची भरपाई मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. त्या भरपाईसाठी दावा मात्र करू शकत नाही. धन्याने बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावा करता येतो. नेहमी विकली जाणारी वस्तू असेल आणि वाजवी प्रयत्नाने धनी सापडत नसेल किंवा तो योग्य खर्च देण्यास नाकारीत असेल, तर दोन प्रसंगी ती विकताही येते: एक, ती नाश पावण्याचा किंवा तिचे बहुतेक मोल जाण्याचा धोका असेल तेव्हा, आणि दुसरा, खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशांपर्यंत पोहोचेल तेव्हा.

फौजदारी कायद्याची मर्यादाही अशीच स्पष्ट आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४०३ व्या कलमात असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात आली आहे. धनी कोण हे माहीत असताना, किंवा ते शोधण्याचे साधन हाती असताना, किंवा वाजवी तपास व वाजवी काळ वाट न पाहता जो वस्तू आपलीशी करतो तो अपराधी ठरतो. हमरस्त्यावर एखादा रुपया सापडला आणि तो कोणाचा हे कळण्याचा मार्गच नसला, तर तो घेणे अपराध नव्हे. परंतु थैलीत नावाची चिठ्ठी किंवा कोणाच्या खात्याचा धनादेश असेल तर "धनी ठाऊक नव्हता" हे उत्तर चालत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा भीषण स्फोट झाला. जहाजावर सोन्याच्या विटा होत्या. त्यांपैकी एक वीट दूरवर उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचे छत फोडून आत पडली. घर त्यांचे, वीटही त्यांनाच सापडलेली. तथापि ती त्यांनी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. कायद्याने पाहता दुसरे काही करताच आले नसते, कारण आकाशातून पडले तरी सोन्याचा धनी बदलत नाही. पण त्या धुमाळीत मोहास बळी न पडणे हे कायद्याहून मोठे होते.

सुविस्मृत: दुकानात राहिलेली वस्तू

व्यापाऱ्यास सर्वांत जवळचा प्रकार हा होय. गिऱ्हाईक वस्तू विसरून गेले आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती लागली, तर मूळ धनी न आल्यास ती कोणाची? दुकानदाराची की शोधकाची? या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयांनी बराच खल केला आहे. ते निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसले तरी विचारास उपयोगी आहेत.

१७२२ साली धुराडी साफ करणाऱ्या एका मुलाला एक जडावाचा दागिना सापडला. तो पारखण्यासाठी त्याने सोनाराकडे दिला असता सोनाराने त्यातील खडे काढून घेतले. 'आर्मरी विरुद्ध डेलामिरी' या खटल्यात न्यायालयाने ठरविले की, शोधक हा पूर्ण मालक नसला तरी खऱ्या धन्याखेरीज इतर सर्वांविरुद्ध त्याचा हक्क राहतो. १८५१ च्या 'ब्रिजेस विरुद्ध हॉक्सवर्थ' या खटल्यात दुकानाच्या जमिनीवर एका फिरत्या विक्रेत्यास नोटांचे पुडके सापडले. त्याने ते धन्यास परत करण्यासाठी दुकानदाराकडे दिले. तीन वर्षे कोणी आले नाही. तेव्हा विक्रेत्याने ते परत मागितले व दुकानदाराने नाकारले. न्यायालयाने निर्णय शोधकाच्या बाजूने दिला.

याउलट १८९६ साली, 'साऊथ स्टॅफर्डशायर वॉटर कंपनी विरुद्ध शार्मन' या खटल्यात, तळ्यातील गाळ काढणाऱ्या कामगारास सापडलेल्या दोन सोन्याच्या अंगठ्या जागेच्या मालकीच्या कंपनीस मिळाल्या. पुढे १९८२ साली 'पार्कर' खटल्यात विमानतळाच्या प्रतीक्षाकक्षात एका प्रवाशास सापडलेले सोन्याचे ब्रेसलेट त्याच प्रवाशास मिळाले. त्या निर्णयात अपील न्यायालयाने ही सारी तत्त्वे एकत्र मांडली. जमिनीत रुतलेली किंवा इमारतीस जडलेली वस्तू जागेच्या ताबेदाराची. नुसती पृष्ठभागावर पडलेली वस्तू असेल तर, ताबेदाराने त्या जागेवर व तेथील वस्तूंवर आपले नियंत्रण असल्याचे आधीपासून दाखविले असेल तरच त्याची, एरवी शोधकाची. नोकरास नोकरीच्या कामात सापडलेली वस्तू सामान्यतः मालकाच्या वतीने सापडली असे समजावे, आणि परवानगीवाचून घुसलेल्याचा हक्क दुबळा.

यातून दुकानदाराने घ्यावयाचा बोध साधा आहे. सापडलेल्या वस्तूंची एक स्वतंत्र वही ठेवावी. तारीख, वस्तूचे वर्णन, कोणास व कोठे सापडली हे नोंदवून शोधकाची सही घ्यावी आणि दर्शनी भागी सूचना लावावी. मौल्यवान वस्तू असेल तर पोलीस ठाण्यात कळवावे. या वहीने तिघांचेही रक्षण होते: धन्यास वस्तू मिळते, शोधकाचा हक्क बुडत नाही आणि पेढीच्या नावास डाग लागत नाही.

निहित: पुरलेला ठेवा

आता मुख्य विषयाकडे वळू. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम हा या बाबतीतील आधारभूत कायदा असून तो आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीस जडलेल्या वस्तूत, म्हणजे भिंतीत, चौथऱ्यात, लपविलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे 'निधी', अशी त्याची व्याख्या आहे. मूळ कायद्यात दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची वर्दी देणे आवश्यक ठरविले आहे. १८७८ साली दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. आज चांदीचे एक नाणेसुद्धा या मर्यादेपलीकडे जाते.

शोधकाने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे ते असे: निधीचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा व तारीख. त्याबरोबरच निधी जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावा किंवा मागितल्यास हजर करण्याचा जामीन द्यावा. यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात व हक्क सांगणाऱ्यांना चार महिन्यांहून आधी नव्हे व सहा महिन्यांहून उशिरा नव्हे अशा दिवशी बोलावितात. जागा शोधकाखेरीज दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्यास स्वतंत्र नोटीस जाते. नेमल्या दिवशी जो येत नाही तो आपला हक्क गमावतो.

चौकशीत पहिला प्रश्न ठेवा लपविणाऱ्याचा असतो. सापडल्याच्या तारखेपूर्वीच्या शंभर वर्षांच्या आत हक्क सांगणाऱ्याने किंवा त्याच्या पूर्वजाने तो लपविला असावा असे दिसल्यास, जिल्हाधिकारी निर्णय न देता त्यास दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करण्यास अवधी देतात. असा कोणी नसेल तर निधी बेवारस जाहीर होतो. मग जागेचा मालक म्हणून कोणी हक्क सांगत नसल्यास सारा निधी शोधकास मिळतो. जागेचा एकच निर्विवाद मालक पुढे आला आणि दोघांत वाटणीचा करार झालेला असेल, तर करारानुसार वाटप होते. करार नसेल तर शोधकास तीन-चतुर्थांश व जागेच्या मालकास एक-चतुर्थांश, असे कायदा म्हणतो.

हे प्रमाण वाचून अनेक जमीनमालकांना आश्चर्य वाटेल. "जमीन माझी, सातबारा माझा, मग बारा आणे दुसऱ्याचे कसे?" कारण असे की, मालकाने जमीन विकत घेतली तेव्हा तिच्यातील ठेव्याचे मोल दिलेले नसते, तो ठेवा तेथे आहे हे त्यास ठाऊकही नसते. शोधकाने प्रकट केला नसता तर तो कोणाचाच झाला नसता. म्हणून कायदा मोठा वाटा उघड करणाऱ्यास देतो. इंग्लंडच्या न्यायालयांनी जमिनीतील वस्तू जमीनमालकाकडे दिली. आपल्या कायद्याने ती वाट सोडली आहे. शिवाय पाया खोदणाऱ्या मजुरास शोधकांतून वगळणारा एकही शब्द या अधिनियमात नाही. रोजंदारी दिली म्हणून त्याच्या कुदळीखालचा हंडा आपोआप आपला झाला, असे समजणारा मालक मोठ्या चुकीत आहे.

येथे आपल्या जिल्ह्यापुरता एक खुलासा आवश्यक आहे. भरवेली, उकवा, तिरोडीचे मँगनीज किंवा मलाजखंडचे तांबे हा या अर्थाने निधी नव्हे. खनिज निसर्गाने ठेवलेले असते आणि मध्यप्रदेश भूराजस्व संहिता, १९५९ अन्वये खनिजांवरील हक्क सामान्यतः राज्य सरकारकडे आहे. निधी तो, जो माणसाच्या हाताने लपविला.

तराजूत गुंगेरिया

आता मागे राहिलेला प्रश्न घेऊ. गुंगेरियासारखा ठेवा आज सापडला असे धरा. तो हजारो वर्षांपूर्वीचा असल्याने शंभर वर्षांच्या आतील वारस असू शकत नाही. म्हणून तो बेवारस. गुराखी मुले शोधक. त्यांचा वाटा तीन-चतुर्थांश. जमिनीच्या मालकाचा एक-चतुर्थांश.

परंतु येथे सरकारचा एक अधिकार मध्ये येतो. बेवारस ठरलेला निधी वाटून देण्यापूर्वी जिल्हाधिकारी तो सरकारसाठी घेण्याचे जाहीर करू शकतात. त्यासाठी धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग एवढी रक्कम द्यावी लागते. समजा, धातूची किंमत पाच लाख रुपये ठरली. त्यावर एक लाख मिळून सहा लाख होतील. त्यातील साडेचार लाख गुराखी मुलांचे व दीड लाख जमीनमालकाचे. वस्तू संग्रहालयात जातील, देशाच्या राहतील, आणि गरिबाच्या घरी प्रामाणिक पैसा जाईल.

उलटपक्षी मुलांनी किंवा त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ती तांब्याची हत्यारे मोडीत घातली असती तर? वर्दी न देणाऱ्या शोधकाचा वाटा सरकारजमा होतो आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यास साह्य करणाऱ्या जमीनमालकाचाही वाटा जातो व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लपविण्याने चौथा हिस्साही जातो आणि अब्रूही जाते. नफ्यातोट्याचा हिशेब मांडणाऱ्यास याहून स्पष्ट जमाखर्च कोणता हवा?

जुने घर व खरेदीखत

आपल्या कुटुंबांना प्रत्यक्षात प्रसंग येतो तो हजारो वर्षांच्या ठेव्याचा नव्हे, तर दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या डब्याचा. घर विकत घेतले, भिंत पाडली आणि आत दागिने निघाले. खरेदीखताने घर आपले झाले, पण विक्रेत्याच्या आजीने भिंतीत ठेवलेले दागिने त्या खतात विकले गेले नाहीत. शंभर वर्षांच्या आतील ठेवा असेल आणि ते कुटुंब आपला हक्क सिद्ध करील, तर तो ठेवा त्यांचाच.

म्हणून विकणाऱ्याने आपल्या जुन्या रोजमेळी व खतावण्या रद्दीत घालू नयेत. पूर्वजांनी ठेव कोठे ठेवली याची एखादी ओळ दिवाणी न्यायालयात लाखमोलाची ठरू शकते. तसेच विक्रीच्या दस्तात जमिनीतील किंवा भिंतीतील निधीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतो. असा हक्क राखणाऱ्यास निधी अधिनियम त्या जागेचा मालकच समजतो. घेणाऱ्याने खत वाचताना हे कलम आहे काय ते पाहावे. आणि जुनी वास्तू पाडण्यापूर्वी ठेकेदार व मजूर यांच्याशी निधीच्या वाटणीविषयी लेखी करार करावा. तो करार मजुराचा अंगठा उमटवून त्याचा हक्क काढून घेणारा नसावा. कायद्याने त्यास बारा आणे दिले असता आपण दोन आणे लिहून घेणे, हे श्रावकास शोभणारे नाही.

प्रतिमा सापडल्यास

जैन समाजापुढे आणखी एक नाजूक प्रसंग येतो. शेतात किंवा पायात तीर्थंकरांची प्राचीन प्रतिमा निघते आणि भाविक जन तेथेच वेदी उभारून पूजा आरंभतात. भावना वंदनीय आहे, पण रीत चुकीची आहे. अशा प्रतिमा संकटकाळी रक्षणार्थ पुरल्या गेल्याची उदाहरणे अनेक आहेत. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या संग्रहालयात आहेत. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम लागू होतो. तो १९७६ पासून अमलात आहे. त्यान्वये अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते.

वर्दी न देण्याचा परिणाम काय होतो, हे तामिळनाडूतील पाथूरच्या नटराजाने दाखविले आहे. १९७६ साली एका मजुरास खोदताना सापडलेली ती कांस्यमूर्ती गुपचूप विकली गेली, हातोहात फिरली आणि शेवटी लंडनला पोहोचली. तिच्या खरेदीदार कंपनीने मोठी किंमत मोजली होती. तरीही इंग्लंडच्या न्यायालयांनी मंदिराचा हक्क मान्य केला आणि १९९१ साली मूर्ती भारतात परतली. शोधकाने पहिल्याच दिवशी प्रकट केले असते तर त्यास कायदेशीर वाटा मागता आला असता आणि देवास परदेशातील न्यायालयात उभे राहावे लागले नसते. आपल्या समाजाने प्रतिमा सापडताच प्रथम जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी, छायाचित्रे व पंचनामा करून ठेवावा, आणि जवळच्या मंदिराच्या न्यासाने नेमल्या दिवशी आपला हक्क रीतसर मांडावा. उघडपणे मागितलेल्या प्रतिमेची पूजा निर्वेध होते.

सराफ बंधूंस दोन शब्द

सापडलेले धन शेवटी बहुधा सराफाच्या काट्यावर येते. एकाच छापाची जुनी नाणी, मातीने माखलेली चांदी, चेपलेले दागिने घेऊन कोणी घाईने आले तर प्रश्न विचारण्यात संकोच धरू नये. अप्रामाणिकपणे आपलीशी केलेली मालमत्ता कायद्याने चोरीच्या मालात मोडते, आणि ती तशी आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, घेणारा न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली येतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेले घेणे, हा एक आहे. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हा दुसरा. मुशीत घातलेले नाणे परत येत नाही. आठ-दहा तोळे चांदीच्या नफ्यासाठी एखाद्या राजवटीचा पुरावा वितळविण्याचे पाप सराफाने माथी घेऊ नये.

उपसंहार

या साऱ्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, सापडणे म्हणजे मिळणे नव्हे. पडलेली वस्तू धन्याची ठेव समजावी, विसरलेली वस्तू नोंदवून राखावी आणि पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यापुढे उघड करावा. जागेच्या मालकीने चौथा हिस्सा मिळतो, नजरेने आणि कुदळीने तीन हिस्से मिळतात. परंतु हे चारही हिस्से प्रकट करण्याने मिळतात आणि लपविण्याने बुडतात. आपल्या आचार्यांनी जे व्रत म्हणून शिकविले, तेच कायद्याने हक्क म्हणून लिहून ठेवले आहे. ज्या मजुराच्या हाती आपल्या जागेतील ठेवा लागेल, त्यास घेऊन आपण स्वतः कचेरीत जावे, त्याच्या नावाने वर्दी लिहावी आणि त्याचे बारा आणे त्याच्या पदरात पडेपर्यंत पाठपुरावा करावा. अशा व्यापाऱ्याचा चौथा हिस्सा लहान असेल, पण तो निर्दोष असेल. आणि त्या मजुराच्या घरी आपल्या समाजाचे नाव आदराने घेतले जाईल. अस्तु.